चालती शीव

गोधडीवरचा डाग भिकीनं उजाडायच्या आधी बघितला. पंज्याएवढा होता, काळपट. तिनं पोरीला कुशीवर वळवलं, गोधडी ओढून घेतली, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि खाली दुसरी अंथरली.

"कवापासनं गं?"

"तू उठायच्या आधीपास्नं." स्वप्नालीचे ओठ सुकले होते. "आये, पोट दुखतंय. थांबतच नाय."

"आत्ताशी आठवा सरलाय. बाळ फिरतंय आत. निजून रहा."

"मग रक्त कसलं?"

"हळू बोल."

भिकीनं दाराकडं बघितलं. पडवीत तिचा नवरा पदू तोंड धूत होता. त्याच्या चुळांचा आवाज आत येत होता. आज शीव बांधायची होती. पदू वाडीचा भगत, आणि पाटी उचलायची ती भगताच्या बायकोनं. रक्त असलेल्या घरातनं पाटी निघत नाही. वाडीला कळलं असतं तर आज शीव बांधली गेली नसती, आणि पुढं वर्षभर ज्याला खोकला होईल त्यानं पदूच्या दारात येऊन थुंकलं असतं.

"देवी बघंल," भिकी म्हणाली. "दोन घटका कळ काढ. मी फिरून आले की बघू."

पोरीनं पाय पोटाशी ओढून घेतले. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आईच्या भरवशावर आली होती.

आवणी उरकून चार दिवस झाले होते. भात लावून लावून भिकीच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, कातडं पांढरं पडून सोललं होतं. कंबर अजून सरळ होत नव्हती. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. असल्या दिवसांत वाडीत ताप शिरतो, म्हणून आवणीनंतर शीव बांधायची. बांबूची पाटी, तिच्यात शेंदूर फासलेला दगड, नारळ, शेर-दोन शेर तांदूळ. ती डोक्यावर घेऊन भगताच्या बायकोनं वाडीच्या चारी शिवा फिरायच्या आणि भगतानं मागनं मुठीनं तांदूळ टाकत यायचं. पाटी डोक्यावर आहे तोवर शीव चालती. गावदेवीपुढं पाटी उतरली की शीव बसली. मग दिवस मावळेपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही.

गेल्या साली सदू बाहेर गेला होता. सदू म्हणजे पदूच्या बहिणीचा पोर. अंबरनाथला कंपनीत होता, खाडा केला तर काढतील म्हणून शीव बसल्यावर ओहोळ ओलांडून ड्यूटीला गेला. पंधरा दिवसांनी वाडीतल्या समीर आणि भारतीचा सोनू तापानं मेला. चार वर्षांचा होता. पदूनं पाटीपुढं बसून, घुमून सांगितलं, सदूनं शीव तोडली. सदूला वाडीनं हाकलला. ताप डासांचा होता हे मागनं वाडी तपासायला आलेल्या बदलापुरातल्या एका डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद वाडीत कुणी वाचला नाही. सोनूच्या आजीनं, रखमाबाईनं, तो चुलीत घातला. आणि भिकी गप्प बसली. ती अशा वेळी नेहमीच गप्प बसायची.

सात वाजता पाटी डोक्यावर चढली.

पहिली शीव जांभळीपाशी, दुसरी खाणीच्या अंगाला. भिकी अनवाणी चालत होती. दर कोपऱ्यावर थांबायचं, पदू तांदूळ टाकणार, पुढं व्हायचं. दगडाचं वजन दर साली तेवढंच असतं. आज मानेत उतरत होतं. तीनदा तिच्या ओठावर आलं की मागं वळावं आणि सांगावं, अहो, पोरगीला रक्त जातंय. तीनदा तिनं गिळलं. मागनं पदूचा श्वास ऐकू येत होता. तांदूळ टाकताना त्याचा हात थरथरत होता. म्हातारा झाला, असं तिला वाटलं.

"बघ गं," ती मनात देवीला म्हणत होती. "बघ. मी तुझंच करतेय ना? मग तू माझं बघ."

बोलणं सौद्याचं होतं, आणि ते तिचं तिलाही कळत होतं. तीस वर्षं दगड डोक्यावर घेतला, आज पहिल्यांदा काही मागत होती, आणि मागतानाच खोटं बोलून आली होती. दगडाला सगळं ठाऊक असलं तर? रक्ताच्या घरातली पाटी निघाली हे त्याला कळलंच असणार. मग तो कोपणार. कुणावर कोपणार? तिचे पाय भराभर पडायला लागले.

"दमानं," मागनं पदू म्हणाला.

गावदेवीपाशी सगळी वाडी उभी होती. रखमाबाई पुढं, डोळे मिटून, हात जोडून. पदूनं तांदळाची पिशवी कमरेला खोचली आणि पाटी उतरवायला दोन्ही हात वर केले. तेवढ्यात भारती पळत आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"काकी! स्वप्नाली पडलीय! जमीन भरलीय रक्तानं. पोट दगडासारखं लागतंय हाताला!"

पदूचे हात पाटीला लागले होते.

"हात लावू नको," भिकी म्हणाली.

"काय?"

"हात काढ. उतरवू नको."

रखमाबाईनं डोळे उघडले. "कवापासनं रक्त जातंय?"

भिकीला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, अचानक, असं म्हणता आलं असतं. जीभच वळली नाही.

"पहाटेपासनं."

कुणीतरी तोंडानं च्च केलं. मग रखमाबाईचा आवाज फुटला. "रक्ताच्या घरातली पाटी फिरवलीस तू? शिवेवर? भिके, माझ्या नातवाला जाऊन वरीस नाय झालं! अजून किती पोरं घेशील गं तुमच्या भगतकीपायी?"

"पोरीला घरातच निजवा," एक जण म्हणाला. "पाटी उतरवा, नारळ फोडा, माफी मागा. देवी सांभाळंल."

"व्हय, देवीवर भरवसा ठेवा."

हे म्हणणारे दर पावसाळ्यात हेच म्हणतात. ज्याची लेक रक्तात पडलेली नाही त्याला देवीवर भरवसा ठेवणं फार सोपं जातं.

भिकीची टाच जमिनीत रुतली होती. मान हलली नाही. पाटी पडू न देण्याची सवय मानेला होती.

"शीव अजून बसली नाय," ती म्हणाली. आवाज चिरकला. "पाटी माझ्या डोक्यावर हाय. पाटी जिथं, शीव तिथं. मी पाटी घेऊन जाते, पोरीला संगं नेते. ती शिवेच्या आतच राहील. कोण तोडतंय शीव?" ती पदूकडं वळली. "सांग की. तीस वरसं तूच सांगत आलास. खोटं हाय का?"

पदूचा जबडा हलला. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"खोटं नाय," तो म्हणाला. "पण असं कदी कुणी केलं नाय."

"नाय केलं. ज्या अडल्या त्या बाया मेल्या."

ती वळली. चार पावलं गेली आणि मागं न बघता म्हणाली, "तू मागनं तांदूळ टाकत ये. नाय आलास तर शीव उघडी राहील. मग पुढं जो मरंल, तो तुझ्या नावावर."

मागं पावलं वाजली नाहीत.

समीरनं बांबू आणला. गोधडीची झोळी बांधली, तीच डागाची गोधडी. स्वप्नालीला उचलून झोळीत घातली तेव्हा ती कण्हलीसुद्धा नाही.  ओरडणारं माणूस जिवंत असतं.

अँब्युलन्सला फोन लागला. गाडी दुसऱ्या पेशंटकडं गेलीय, दीड तास लागेल, ओहोळाच्या अलीकडं येणार नाही, रस्ता नाही.

"सदूला लाव," भिकी म्हणाली.

समीर तिच्याकडं बघतच राहिला. सदू आता बदलापूरला बेलवलीत खोली घेऊन राहत होता, टेम्पो चालवत होता. वाडीतल्या कुणी वर्षभर त्याला फोन केला नव्हता.

"लाव. मी सांगितलं म्हण."

झोळीचं एक टोक समीरनं खांद्यावर घेतलं. दुसऱ्या टोकाला कुणी येईना. गडी माणसं एकमेकांच्या मागं सरकली. मग भारतीनं पदर खोचला आणि बांबूखाली खांदा दिला.

ओहोळाच्या काठावर शिवेचा दगड आहे. रखमाबाई पळत पुढं गेली आणि वाटेतच बसली.

"माझ्या अंगावरनं जा."

"आये, ऊठ," समीर म्हणाला.

"सोन्याला विसरलास? बापूस ना रं तू त्याचा?"

उत्तर मागनं, भारतीकडनं आलं. बांबूनं तिचा खांदा वाकला होता. "मी नाय विसरले. पाच दिवस त्याला अंगारा लावला तुमी. सहाव्या दिवशी मी त्याला उचलला, तवा मला ह्याच दगडापाशी अडवलंत. म्हणालात, देवीवर सोड. सोडला. आज मी वलांडते, आत्याबाय. उठा, नायतर खरंच अंगावरनं जाईन."

रखमाबाई उठली नाही. पण तिनं पाय जवळ ओढून घेतले. झोळी कडेनं गेली. म्हातारीच्या डोळ्यांत राग नव्हता. भिकीच्या डोळ्यांत होती तीच भीती होती, आणि ती बघून भिकी आणखी घाबरली. खरंच उद्या कुणाच्या घरात ताप आला तर?

ओहोळ मांडीच्या वर चढला होता. बारवीच्या धरणाचं पाणी मोठमोठ्या नळांतून पार कंपन्यांपर्यंत जातं, पण ह्या ओहोळावर पूल होत नाही. दर इलेक्शनला त्याचा नारळ फुटतो. भिकी पाण्यात शिरली. एक हात पाटीला, एक झोळीला. तळाचे गोटे पायाखालनं सटकत होते. चिखल्यांना पाणी झोंबत होतं.

पलीकडं सदूचा टेम्पो येऊन उभा राहिला. सदू उतरला, काठावर आला आणि थांबला.

"मामी, मी इथंच थांबतो. पाय टाकायचा नाय, मामानं सांगितलंय."

तो टोमणा नव्हता. पोरगा घाबरलेला होता. वर्षभर तोही झोपला नसणार, सोनू आपल्यामुळं गेला ह्या विचारानं.

"ये रं, सदू," भिकी पाण्यातनं ओरडली. "शीव माझ्या डोक्यावर हाय. मी सांगते, ये!"

सदू पँटीसकट पाण्यात शिरला आणि भारतीच्या खांद्यावरचा बांबू त्यानं घेतला.

टेम्पोत मागं ताडपत्री होती, सिमेंटचा वास येत होता. भारती आणि समीर काठावरच राहिले. समीर म्हणाला, मी पदूकाकाला बघतो. भिकी मांडी घालून बसली, पोरीचं डोकं मांडीवर. एक हात पाटीवर, एक पोरीच्या गालावर. गाल गार होता.

"आये."

"बोल गं, बाय."

"दोनी हात दे ना."

रस्त्यावर खड्डे होते. टेम्पो उडत होता, पाटीतला दगड डावीकडं, उजवीकडं सरकत होता. पाटी पडली तर सगळं संपलं. वाडीला सांगितलेलं एकच खरं तेवढं उरलं होतं, तेही पडणार. आणि मांडीवर पोरगी हात मागत होती. लहानपणी ताप आला की अशीच मागायची.

भिकीनं पाटीवरचा हात काढला.

पोरीचे दोन्ही हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरले आणि मान ताठ केली. विहिरीवरनं तीन हंडे आणताना करायची तशी. प्रत्येक खड्ड्याला अंग खाली दबायचं, मान तेवढी जागच्या जागी. घाम डोळ्यांत जात होता.

"कोपायचंय ना तुला?" ती देवीला म्हणाली, ह्या वेळी मोठ्यानं. "मग माझ्या डोक्यावर बसून कोप. मला मोड. हिला नको."

पाटी पडली नाही. देवीनं धरली की मानेनं, हे भिकीला आजही सांगता येत नाही.

रस्त्यावरच्या पहिल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हता. बाकावरनं एक बाई उठली, तिनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. "इथे नाही होणार. उल्हासनगरला न्या. आत्ता."

"इथं बोर्ड कशाला लावलाय मग?" सदू ओरडला. बाई बाकावर परत बसली. तिलाही रोज हेच ऐकावं लागत असणार.

अंबरनाथच्या नाक्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. सदू हॉर्नवर हात दाबून, बाहेर डोकं काढून हिंदीत शिव्या देत होता, हात जोडत होता, परत शिव्या देत होता. तिथंच सदूचा फोन ऐकून स्वप्नालीचा नवरा महेश कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये पळत येऊन मागं चढला. बायकोकडं बघितलं आणि तोंडावर हात दाबून घेतला. ताडपत्रीवरनं रक्ताचा ओघळ त्याच्या बुटापर्यंत आला होता.

उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात पोरीला स्ट्रेचरवर घातली आणि दोन दारांच्या आत नेली. एका डॉक्टरीणबाईनं चालता चालता विचारलं, "रक्तस्राव कधीपासून?"

"पहाटेपासनं."

"पहाटेपासून? आणि आत्ता आणताय? काय करत होतात इतका वेळ?"

महेशनं सासूकडं बघितलं. भिकीनं खाली बघितलं नाही. डोक्यावर पाटी असताना खाली बघता येत नाही.

महेशला रक्त द्यायला नेलं. भिकी भिंतीला टेकून उभी राहिली.

"ओ मावशी, ती टोपली खाली ठेवा," वॉचमन म्हणाला. "इथे पूजा-बिजा चालत नाही."

"नाय ठेवता येत."

"येत नाही म्हणजे? तांदूळ सांडतील, मुंग्या होतील. मला बोलणी बसतात."

"सांडनार नाय. रातभर उभी ऱ्हाईन, एक दाना सांडनार नाय."

तो दोनदा आला, दोनदा ओरडून गेला. येणारे-जाणारे बघायचे. दोन पोरींनी मोबाईल काढून फोटो घेतला. बाकावर एक सिंधी म्हातारी सुनेच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. ती उठली. "बैठ जाओ ना, माई. मैं पकड़ती हूं थोड़ी देर."

"नको, बाय. उतरवायची नाय."

"मन्नत है?"

भिकीला मन्नत म्हणजे काय ते ठाऊक होतं. ती नाही म्हणाली. "डर हाय," म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली. आपली पाण्याची बाटली भिकीच्या तोंडाला लावली, तिला मान वाकवायला लागू नये म्हणून टाचा उंचावून. मग वॉचमनला तिनं सिंधीत असं काही सुनावलं, की तो परत आला नाही.

दीड वाजला. तीन वाजले. खांद्यांची आग झाली, मग आग थांबली आणि खांदे आहेत की नाहीत तेच कळेना. दार उघडलं की भिकी पाऊल पुढं टाकायची, आणि दर वेळी कुणी दुसरंच बाहेर यायचं. आता ती काही मागत नव्हती. सौदा सकाळीच फिसकटला होता. नुसती उभी होती, देवीला डोक्यावर घेऊन, कारण दुसरं कुणी जवळ नव्हतं. देवीलाही दुसरं कुणी नव्हतं.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आली.

"स्वप्नालीचं कोण?"

"आयस."

"मुलगी झालीय. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आईला चार बाटल्या रक्त लागलं. आता रक्त थांबलंय. जगेल." तिनं मास्क खाली ओढला. "अजून अर्धा तास केला असता ना, मावशी, तर दोघी गेल्या असत्या."

जगेल हा शब्द भिकीला नंतर ऐकू आला. आधी अर्धा तास ऐकू आला. शिवेच्या चार कोपऱ्यांवर मिळून केवढा वेळ गेला होता? दोन तास. सहा वर्षांच्या पोरालाही कळेल असा तो हिशेब होता. तिच्या तोंडातनं आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, कण्हण्याचा, पोरीनं न केलेला. सिंधी म्हातारीनं तिची कंबर धरली म्हणून ती उभी राहिली.

दिवे लागायच्या वेळेला व्हरांड्याच्या टोकाला पदू दिसला.

चालत येत होता. अनवाणी. धोतर मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेलं, एका अंगठ्याचं नख निघालेलं. वॉचमननं अडवलं, त्यानं ऐकलं नाही. दर पाच-सात पावलांवर थांबायचा, उजवा हात पुढं करून मूठ उघडायचा, आणि परत चालायचा. भिकीनं नीट बघितलं. मुठीतनं काही पडत नव्हतं.

तो समोर येऊन उभा राहिला.

"हाय," भिकी म्हणाली. "दोगी हायत. पोरगी झाली."

पदूनं भिंतीला हात टेकला. 

"तू चालत आलास?"

"सदू गाडी घेऊन आला व्हता मागं. बसलो नाय. चालत्या गाडीतनं तांदूळ कसं टाकू?" त्यानं कमरेची रिकामी पिशवी दाखवली. "अंबरनाथला सरलं. तिथनं हितवर नुसती मूठच उघडत आलो."

"चालंल?"

"काय ठावं."

तीस वर्षांत वाडीनं त्याला काहीही विचारलं की त्याचं उत्तर तयार असायचं. काय ठावं, हे भिकीनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मी लपवलं," ती म्हणाली. "गोधडीवर डाग व्हता. मी घडी घातली. तुला सांगितलं नाय."

पदूनं तिच्याकडं बघितलं नाही. पाटीकडंही नाही.

"तू उठायच्या आधी मी उठलो व्हतो," तो म्हणाला. "पानी प्यायला. बत्ती लावली तवा दिसला. बत्ती विझवली नि पडवीत जाऊन तोंड धूत बसलो."

व्हरांड्यातली ट्यूब लुकलुकत होती. आत कुठं तरी एक मूल रडलं. ते त्यांचं होतं की दुसऱ्याचं, दोघांनाही ओळखू आलं नाही.

बाहेर दिवस मावळला होता. शीव अजून बसायची होती. पदूनं दोन्ही हात वर केले, तिनं ह्या वेळी अडवलं नाही. त्यानं पाटी उतरवली आणि कुठं ठेवावी ते न कळून छातीशी धरून उभा राहिला. भिकीची मान तशीच ताठ राहिली. तिनं ती वाकवून बघितली, वाकली नाही.

"खाली ठेव," ती म्हणाली.

"हितं?"

"तिच्या दाराशी."

त्यानं पाटी ऑपरेशनच्या दाराशी, फरशीवर ठेवली. मग दोघं तिच्या दोन बाजूंना बसली आणि दार उघडायची वाट बघू लागली.